उलटं गिऱ्हाईक

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जवळच्या कंग्राळी गावची एक बाई रोज सकाळी भाजी घेऊन बसायची. तिच्यासमोर आमचे घरमालक आप्पा उकिडवे बसले की आजूबाजूची माणसं हातातलं काम थांबवून बघत उभी राहायची. संवाद जवळजवळ पाठ झालेला असायचा, तरी त्यांना तो पुन्हा ऐकायचा असे.

"मेथी कशी दिलीस?"

"पंधराला एक, आप्पा."

"पंधरा? कवा उठलीस आज?"

"चारला की."

"उपटली कुणी?"

"मी आणि सासूनं."

"सासूचं धरलीस?"

"सासूचं काय धरायचं आप्पा? घरचीच हाय."

"मग पंधरात परवडतंय कसं गं? वीस घे. आणि उद्यापास्नं नीट सांगत जा."

असे पाच रुपये जास्त देऊन, वर चार शब्द सुनावून, मेथीची जुडी बगलेत धरून आप्पा घरी यायचे. सगळं जग दर पाडून घेतं, हे चढवून द्यायचे. म्हणून गल्लीने त्यांना 'उलटं गिऱ्हाईक' असं नाव ठेवलं होतं. त्यावरून त्यांना फसवणं सोपं असेल असं मात्र समजू नका. एका फळवाल्याने ही कीर्ती ऐकून सफरचंदाचा दर भरमसाट सांगितला. आप्पांनी त्याला पेटी कुठून आली, कितीला आली, त्यातली नासली किती, गाड्याचं भाडं काय, दुपारी जेवतोस कुठं असं विचारत अर्धा तास उन्हात उभं केलं, आणि एकही सफरचंद न घेता परत आले. मला म्हणाले, "दराला पाय न्हवते त्येच्या."

आप्पा जाऊन आता दोन वर्षं होतील. माझा धंदा जेवणाचे फोटो काढायचा. हॉटेलांची मेनूकार्डं, मिठाईचे खोके, मसाल्यांची पाकिटं आणि फोनवर जेवण मागवायच्या ॲपमधली ती तोंडाला पाणी सुटणारी चित्रं, ही कुणीतरी काढलेली असतात, आणि आमच्या भागातली बरीचशी मी काढते. फोटो काढायला मी पुण्यात एका स्टुडिओत शिकले. पण दर सांगायला मला आप्पांनी शिकवलं, आणि ते शिकवलं नसतं तर मी आज निपाणीत एका शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत बसले असते. त्या कामात वाईट काही नाही. पण मला ते नको होतं.

पप्पांनी मला एक वर्ष दिलं होतं. पुण्याहून परत आले तेव्हा ते म्हणाले, "बेळगावात राहा, काय करायचं ते कर. दिवाळीपर्यंत तुझं भाडं आणि जेवण तुझ्या कामातनं सुटलं तर माझी काय हरकत न्हाय. न्हाय सुटलं, तर शाळेतली क्लार्कची जागा माझ्या ओळखीत हाय, तिथं बसायचं." मी लगेच कबूल केलं. वर्ष म्हणजे लई झालं असं मला वाटलं होतं.

आप्पांची खोली मी घेतली ती खिडकीसाठी. पुढची खोली मागाची होती. माग कधीच काढून टाकलेला, पण खाली खड्डा तसाच होता. विणकर कडेवर बसून पाय त्या खड्ड्यात सोडतो, तो. दुसऱ्या कुणी भाडेकरूने आधी तो बुजवून द्या असं म्हटलं असतं. मी मात्र त्यात उतरून बसले आणि खूश झाले, कारण समोरच्या फळीवर ठेवलेलं ताट बरोबर डोळ्यासमोर येत होतं. उत्तरेच्या खिडकीतून मऊ उजेड येत होता. सूत नीट दिसावं म्हणून पाडलेली ती खिडकी भातालाही चालत होती. कटकट एकच. दुपारी समोरच्या घराच्या पिवळ्या भिंतीवर ऊन आलं की माझा पांढरा भात हळदीचा दिसायचा. म्हणून साडेअकरा ते तीन काम बंद.

"कसला धंदा म्हणालीस?" आप्पांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"जेवणाचे फोटो काढायचा."

"आणि जेवतंय कोण?"

"काढून झाले की आपणच जेवायचं."

पण ते कधीच जेवले नाहीत. फोटो झाल्यावर मी आमटी गरम करून वाटीत घालून न्यायची, आणि ते हात मागे घ्यायचे. "आधी त्या तुझ्या डब्यानं खाल्लंय. आता मला उष्टं देतीस व्हय?" डबा म्हणजे माझा कॅमेरा. हा माणूस चेष्टा करतोय की खरंच विटाळ धरतोय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्यासाठी वेगळी भाकरी मात्र ते स्वतः थापायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हुबळीला होता, आणि मागच्या दोन खोल्यांत हे एकटे राहायचे. डोक्यावर टोपी, अंगात बंडी, आणि धोतर असं नेसलेलं की कधीही खड्ड्यात पाय सोडून बसता यावं.

दार वाजवून आत येणं ही कल्पना त्यांना माहीतच नव्हती. मी वाटीच्या काठावरचा तेलाचा ओघळ कापसाने पुसत असताना मागून एकदम आवाज यायचा, "ह्येचे किती घेतीस?" मी दचकून कोथिंबीर हलवायची. मग ते तिथेच भिंतीला टेकून बसायचे. एकदा माझा पांढरा थर्माकोलचा तुकडा, जो उजेड परतवायला ताटाच्या बाजूला धरावा लागतो, टेकवलेल्या पुस्तकांवरून चौथ्यांदा पडला. आप्पा उठले, तो उचलला आणि माझ्याकडे न बघता धरून उभे राहिले. मी म्हटलं, थोडं डावीकडे. ते बोटभर डावीकडे सरकले आणि तिथेच थांबले. असा हात मी नंतर कुणाचा पाहिला नाही. चाळीस वर्षं मागावर धोटा फेकलेला माणूस, हलायचं कधी आणि हलायचं नाही कधी हे त्यांच्या अंगातच होतं. त्या दिवसापासून थर्माकोल त्यांचा झाला.

आता माझ्या दराची गोष्ट. पहिल्या कामाचा दर मी माझ्या मते फार विचार करून ठरवला होता : एका ताटाचे तीनशे रुपये. पुण्यात फोटोवर दर लावतात, पण फोटो किती काढले यावरून वाद होतात, आणि ताट तर डोळ्यांना दिसतं, ते कोण नाकारणार? मच्छे गावाच्या वाटेवर एका खानावळवाल्याला मी तोच दर सांगितला. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

मी पोचले तेव्हा टेबलावर एकच ताट होतं. ते ताट कसलं, लग्नात हळदीला काढतात तसली परात होती. त्यात बावीस वाट्या. तांबडा, पांढरा, अळूची भाजी, झुणका, खर्डा, चार तऱ्हेच्या चटण्या, खीर, दोन तऱ्हेचा भात, भाकरी, चपाती, वडे. मालक हसून म्हणाले, "एकच ताट हाय बघा." मी तो फोटो जीव ओतून काढला. पंधरा दिवसांनी त्यांचं मेनूकार्ड पाहिलं तर त्या एका फोटोतून बावीस वाट्या कातरून बावीस ठिकाणी चिकटवल्या होत्या. खिरीच्या फोटोत कडेला खर्ड्याची मिरची आलेली होती.

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की टोपी पडली. मग टोपी झटकून म्हणाले, "त्येनं काय वंगाळ केलं? तू ताट विकलीस, त्येनं ताट घेतलं."

त्यानंतर मी दर बदलत राहिले. निपाणीच्या एका मसालेवाल्याने सांगितलं, कोल्हापुरात यापेक्षा निम्म्यात होतं. मी निम्म्यावर आले. बेळगावच्या एका हॉटेलवालीने म्हटलं, बेंगळूरचे लोक येवढं घेतात, तुम्ही येवढ्या कमीत करताय म्हणजे काम कच्चं असणार. तिच्यासाठी चढवला, तर तिने बेंगळूरचाच माणूस बोलावला. आमच्या भागातला हा खास रोग आहे. माणूस उभा इथे, पण दराची चौकशी एकदा वर करायची आणि एकदा खाली. मी रात्रंदिवस मोबाईलवर इतरांचे दर बघत बसायची. आप्पांना ते बघवत नव्हतं.

"तू भाडं कुठं भरतीस? कोल्हापुरात?"

"न्हाय. तुम्हाला देते की."

"भाजी बेंगळूरात घेतीस?"

"न्हाय."

"मग त्यास्नी कशाला इच्यारालीस? तुझं काम किती हाय ते तुला तरी म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीतून एक टोपली आणून खड्ड्याच्या कडेला ठेवली. तिच्यात रिकाम्या कांड्या होत्या. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी, सूत गुंडाळायची बोटभर नळी. दुसरी रिकामी टोपली शेजारी. कामाला एक तास लागला की एक कांडी इकडून तिकडे टाकायची, असा हुकूम झाला. "बाजारात गेलीस तरी टाक. भांडी घासलीस तरी टाक. त्या कम्प्युटरम्होरं बसलीस तरी टाक. डबा हातात नसला म्हणून काम न्हाय असं समजू नगंस."

मला हा पोरखेळ वाटला, पण त्यांचं मन मोडवेना. तेव्हा माझ्याकडे एका छोट्या उपाहारगृहाचं सहा पदार्थांचं काम होतं. मी अंदाज धरला होता पाच तासांचा. रताळी बघायला मी तीन ठिकाणी हिंडले. साबुदाणा वडा फोटोत मेल्यासारखा दिसतो म्हणून दोनदा तळून घेतला. पितळेची वाटी चिंचेने घासली. मालकाला मी फोनवर चार वेळा समजावलं. काम संपलं तेव्हा मी दुसरी टोपली फळीवर उपडी केली आणि मोजल्या : एकतीस. मी पुन्हा मोजल्या. आप्पांनी नुसत्या कांड्या पहिल्या टोपलीत परत भरून ठेवल्या.

त्या कांड्यांची गोष्ट मला त्यांच्याकडून नाही, समोरच्या घरातल्या आक्कांकडून कळली. साडीचा दर नेहमी नगावर असायचा, विणणाऱ्याच्या हातावर. पण विणायच्या आधी सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, हे सगळं घरातल्या बायका करत. आप्पांच्या बायकोने तीस वर्षं कांड्या भरल्या. आप्पा एकदा व्यापाऱ्याच्या गादीसमोर उभे राहून म्हणाले, हिची मजुरी धरा. व्यापारी म्हणाला, "घरचं माणूस हाय, त्येचं काय धरायचं?" त्यानंतर आप्पांनी गादीवर जायचंच सोडलं. साडी पाहिजे त्याने इथे यावं, मागाजवळ दोन तास बसावं, आमची दोघांची कामं बघावीत, आणि मग दर बोलावा.

"मग यायचे व्यापारी?" मी विचारलं.

"कोण येतंय?" आक्का म्हणाल्या. "एवढं बारीक काम, पण गल्लीत पयला माग त्यांचाच बंद पडला. ती बिचारी जाईपतूर कांड्याच भरत हुती."

म्हणजे ज्या माणसाकडून मी दर सांगायला शिकत होते, त्याला स्वतःला आयुष्यात एकदाही आपला दर मिळाला नव्हता. हे कळल्यावर मला थोडी भीती वाटली, खोटं कशाला सांगू. याच्या नादाला लागून आपलाही माग बंद पडायचा. पण एकतीस कांड्या मी स्वतः मोजल्या होत्या. त्या मी नाकारू शकत नव्हते. मी दिवसावर दर बांधला. बाजार, तयारी, फोटो, नंतरचं काम, सगळं घालून एका दिवसाचे अकरा हजार. आकडा कागदावर लिहिला आणि आप्पांना वाचून दाखवला.

"आता म्हण," आप्पा म्हणाले.

"दिवसाला अकरा हजार होतात, पण कमी-जास्त बघू आपण…"

"पण कशाला? तुला कुणी इच्यारलं? दर सांगायचा आणि तोंड मिटायचं. पुन्हा म्हण."

आठवडाभर ही तालीम चालली. मी दर सांगायची, मग ते गिऱ्हाईक होऊन छताकडे बघत बसायचे, गुडघा खाजवायचे, टोपी काढून आत बघायचे, आणि मी गप्प बसायचं. पहिल्या दिवशी मला दहापर्यंतसुद्धा मोजवलं नाही. शेवटी एकदा मी इतकी गप्प बसले की आप्पांचा भिंतीला टेकूनच डोळा लागला, आणि ती परीक्षा मी पास झाले असं मी धरून चालले.

दिवाळी महिन्यावर आली तेव्हा एक मिठाईवाले आले. शहरातलं जुनं दुकान, बापाकडून आलेलं, आणि आता त्यांना दिवाळीसाठी नवे खोके आणि मोबाईलवरून विक्री सुरू करायची होती. सोळा जिन्नस, सगळे दुकानातून तयार येणारे. हे काम मिळालं तर दिवाळीपर्यंतचं माझं भाडं, जेवण सुटणार होतं आणि पप्पांपुढे मला ताठ मानेने उभं राहता येणार होतं. नाही मिळालं तर शाळा. मधलं काही उरलं नव्हतं.

त्यांना आधी नमुन्याचा एक फोटो पाहिजे होता, आणि त्यासाठी त्यांनी कुंदा आणला. बेळगावच्या माणसाला कुंदा काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, दूध आटवून आटवून केलेला तो तपकिरी, रवाळ गोळा चवीला स्वर्ग असतो आणि फोटोत ओली माती. मी म्हटलं, फोन करते झाल्यावर. तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज, "बसा मालक. आलाय तर बघूनच जावा."

आणि आप्पांनी मालकांना खरंच बसवलं. मी खड्ड्यात उतरले. आप्पांनी थर्माकोल उचलला. कुंद्याचा पहिला ढीग तुपाने चकाकला, तो काढला. दुसऱ्याला भेगा दिसेनात. तिसरा मी चमच्याने नाही, हाताने मोडला, आणि त्या मोडलेल्या कडेवर खिडकीचा उजेड आडवा पडला तेव्हा कुठे त्याचे दाणे दिसायला लागले. दीड तास गेला. मालक आधी मोबाईल बघत होते, मग हळूहळू पुढे सरकले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघून ते म्हणाले, "माझ्या वडलांनी घोटलेला असा दिसायचा." मग लगेच सावरून, "बरं, सोळाचे किती होतील?"

"दोन दिवसांचं काम आहे. दिवसाला अकरा. बावीस हजार."

आणि मी तोंड मिटलं. शेजारच्या घरातला पॉवरलूम खडखडत होता. मालकांनी पंख्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. मी गप्प होते. मला अभिमान वाटत होता.

"बघा," ते म्हणाले, "काम चांगलं हाय तुमचं, मी न्हाय म्हणत न्हाय. पण तुम्हाला खर्च काय हाय? खोली ही एवढी. उजेड देवाचा. पांढरा फळा धरायला बाबा घरचेच, फुकटचे. अठरात करून टाका."

अठरा काही वाईट नव्हते. मी मनात हिशेब केला, भागत होतं. हो म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझी नजर आप्पांकडे गेली. त्यांनी थर्माकोल खाली टेकवला होता. मी सांगितल्याशिवाय तो त्यांनी कधी खाली ठेवला नव्हता. ते माझ्याकडे बघत नव्हते, मालकांकडेही नाही. खाली जमिनीकडे बघत उभे होते.

मला लाज वाटली. वर्षभर हा माणूस माझ्यासाठी हात ताठ करून उभा राहिला होता. माझ्या भांडी घासण्याची कांडी टोपलीत पडत होती, फोनवर बोलण्याची पडत होती. त्यांच्या तासांची एकही नव्हती. मालक काही वेगळं बोलले नव्हते; मी जे करत आले होते तेच त्यांनी मोठ्याने म्हटलं होतं.

"मालक, माझा दर चुकला," मी म्हटलं.

मालक हसले, खिशातला पेन काढायला लागले.

"ह्यांची मजुरी धरायची राहिली. दिवसाला हजार. चोवीस होतील."

पेन खिशातच राहिला. या वेळची शांतता फार लांबली, आणि तिच्यात मला अभिमानबिभिमान काही वाटला नाही. मालक उठले. "शहापुरात सगळी अशीच का?" असं म्हणून चपला घालून गेले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत आप्पा थांबले. मग जे कडाडले ते मी पहिल्यांदाच ऐकलं. "कुणी सांगितलतं तुला शाणपणा करायला? हातातलं काम घालवलीस! माझं आता काय राहिलंय? तुझं बघायचं हुतं. मी घरचा माणूस हाय, माझं काय धरतीस?"

"तुमच्या मंडळी बी घरच्याच हुत्या की, आप्पा."

हे मी बोलायला नको होतं. ते मागच्या दाराने आत गेले आणि चार दिवस पुढच्या खोलीत आले नाहीत. भाकरी मात्र रोज दाराशी झाकून ठेवलेली असायची. थर्माकोल मी पुन्हा पुस्तकांना टेकवला आणि तो पुन्हा पडत राहिला. पप्पांचा फोन आला, शाळेला सोमवारपर्यंत उत्तर पाहिजे. मी म्हटलं, सोमवारी सांगते. काय सांगायचं ते मला माहीत होतं.

शनिवारी मिठाईवाल्यांचा फोन आला. त्यांनी दोन ठिकाणी चौकशी केली होती, ते त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "दोन दिवसांचं जमणार न्हाय. एक दिवस करूया, आठ जिन्नस. ते बघून पुढचं. बारा हजार ना?"

"हो," एवढंच मी म्हटलं आणि पुढचे सगळे शब्द गिळले.

"आणि ते बाबा असायला पाहिजेत. हजार लावलेत त्यांचे, तर उभे दिसायला पाहिजेत."

मी मागच्या दाराशी गेले. आप्पा चुलीपुढे बसले होते. मी सांगितलं, सोमवारी काम आहे, मिठाईवाल्यांचं.

"कितीला?"

"बाराला."

"कमी केली न्हाईस?"

"काम कमी केलं त्यांनी. दर न्हाय."

ते बराच वेळ विस्तव सारत राहिले. "सोमवारपुरता हुबा ऱ्हातो, म्होरचं म्होरं," असं काहीतरी पुटपुटले. पण सोमवारी ते आले. बेसन लाडू, डिंक-सुक्या मेव्याचं करदंट, अनारसे, एकेक करून झाले. दुपारी भिंत पिवळी झाली तेव्हा थांबलो, तीनला पुन्हा सुरू केलं, आणि पाचच्या आत आठही जिन्नस संपले. मालकांनी तिथेच बसून सगळे फोटो पाहिले. कुंद्याचा फोटो दोनदा पाहिला. उठताना म्हणाले, "उरलेले आठ उद्याच उरकून टाका. दिवाळी तोंडावर आली."

मी बाहेर ओट्यावर जाऊन पप्पांना फोन केला आणि सांगितलं, शाळेला नको म्हणून कळवा. ते म्हणाले, "बरं. जेवलीस का?" एवढ्यानेच माझे डोळे भरून आले.

आत येऊन मी आप्पांच्या हातात पाकीट दिलं. वाटलं होतं, नको म्हणतील, रागावतील, देवापुढे ठेवतील. त्यांनी ते उघडलं, नोटा मोजल्या, आणि दोनशे रुपये काढून माझ्या पुढे धरले.

"हे कशाचे?"

"दुपारी दोन तास निजलोतो. तेवढं धरायचं न्हाय."

मी दोनशे घेतले. उरलेले त्यांनी घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवले आणि वरून हात फिरवून बघितला. माग बंद पडल्यानंतरची ही त्यांची पहिली मजुरी होती. मग टोपी नीट करत, वर्षभरात मला कधी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"उद्या किती वाजता यायचं?"

"साडेनऊला या, आप्पा."

ते सव्वानऊलाच आले, धुतलेलं धोतर नेसून, आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा दार वाजवलं.